नजर पाण्याकडे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, स्टडलंड नावाचं एक लहानसं गाव आहे. गाव लहान असलं तरी त्याचा समुद्रकिनारा चांगला चार मैलांचा. सोनेरी वाळू, तिच्यामागे वाळूच्याच टेकड्या आणि त्यांच्याही मागे जांभळ्या फुलांचं माळरान. या किनाऱ्यावरचा साधारण किलोमीटरभराचा एक तुकडा मात्र जगावेगळा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना खांब रोवून पाट्या लावल्यात. ‘इथून पुढे विवस्त्र माणसं दिसू शकतात,’ अशा अर्थाचा मजकूर त्यांवर आहे. आपल्या घाटात ‘पुढे वळण आहे’ अशी पाटी असते ना, तितक्याच साधेपणानं लिहिलेला!

गेल्या ऑगस्टमध्ये मी त्या पाटीच्या पलीकडे जाऊन आले. अंगात पंजाबी ड्रेस, खांद्यावर ओढणी आणि हातात चपला. हे वाचून कळंबमध्येच नव्हे, तर केज-बार्शीपर्यंत कितीजणींच्या भुवया वर गेल्या असतील, याची मला कल्पना आहे. पण मैत्रिणींनो, पेपर मिटू नका. ही हकिगत जेवढी माणसांची, तेवढीच पक्ष्यांची, सरड्यांची आणि समुद्रातल्या एका बाळंतीण बापाचीही आहे.

माझी लेक पूलला राहते. पूल हे तिथल्या बंदराच्या गावाचं नाव. मला पक्ष्यांचं वेड. मांजरा धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात काय काय उतरतं ते बघायला मी अजूनही पहाटे निघते. लेकीला ते ठाऊक, म्हणून ती म्हणाली, ‘‘आई, पक्षी बघायचे तर स्टडलंडला जाऊ. फक्त मधे एक पट्टा लागतो...’’ आणि मग जरा चाचरत तिनं तो पट्टा कसला आहे ते सांगितलं. ‘‘तुला नको असेल तर टेकड्यांमागून दुसरी वाट आहे. खास त्यासाठीच आखलीय.’’ मी म्हटलं, ‘‘पक्षी पाण्याच्या कडेला असणार की टेकडीमागे? वाळूवरूनच जाऊ.’’ जावईबापूंना नेमकं त्या सुटीच्या दिवशी ऑफिसचं काम निघालं. सासूबाईंबरोबर असल्या ठिकाणी जायचं म्हणजे बिचाऱ्यांची पंचाईतच होती. मीही जास्त आग्रह केला नाही.

पूलच्या बंदराचं तोंड अगदी अरुंद आहे. ते ओलांडायला साखळीवर चालणारा मोठा तराफा आहे. पाण्यात तळाशी साखळ्या टाकलेल्या असतात आणि तराफा त्या साखळ्या ओढत पलीकडे जातो. आमची बस प्रवाशांसकट त्यावर चढली आणि चार-पाच मिनिटांत पलीकडे उतरली. तिथून इंग्लंडची एक हजार किलोमीटरची प्रसिद्ध किनारवाट सुरू होते. त्या वाटेनं निघालेला वाटसरू, बोजा पाठीवर घेऊन, याच विवस्त्र पट्ट्यातून पुढे जातो. म्हणजे तिथे कपडे घातलेली माणसंही चालत असतात. त्यांनी कपडे का घातलेत, असंही कुणी विचारत नाही.

पहिला अर्धा तास आमच्या वाट्याला नुसते पक्षीच आले. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, गाजरासारख्या चोचीचा एक ठसठशीत पक्षी ओल्या वाळूत चोच खुपसून शिंपले उकरत होता. त्याचं नाव ऑयस्टरकॅचर. खांबावर पंख पसरून बसलेला पाणकावळा मात्र अगदी आपला, मांजरावरचाच वाटला. दमलेली बाई दोन्ही हातांनी ओलं लुगडं वाळत घालते ना, तसा तो पंख वाळवत होता. सुरय पक्षी वरून दगड टाकल्यासारखे पाण्यात पडत आणि चोचीत चांदीसारखा मासा घेऊन उठत. आणि लाटेच्या कडेला सँडरलिंग! मुठीएवढे पांढुरके पक्षी. लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचं, लाट आली की पाय न भिजवता परत पळायचं. हेच पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही येतात. त्यांना ना व्हिसा, ना तिकीट.

मग खांब आला, पाटी आली. लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी चालत राहिले.

आता सगळ्यांना जे विचारायचं असतं ते सांगते. काय दिसलं? माणसं दिसली. बहुतेक साठी-सत्तरीची. कुणी पुस्तक वाचतंय, कुणी थर्मासमधून चहा ओततंय, कुणी शब्दकोडं सोडवतंय. एक आजोबा टोपी आणि चष्मा एवढ्यावरच वाळूत छत्री रोवायची खटपट करत होते आणि वाऱ्यानं ती सारखी उलटत होती. पोटं सुटलेली, त्वचा लोंबलेली, पायांवर निळ्या शिरा, बाळंतपणांच्या रेघा, गुडघ्यांवर ऑपरेशनचे टाके. सिनेमातल्यासारखं अंग त्या सगळ्या पट्ट्यात एकाचंही नव्हतं. पहिली पाच मिनिटं माझी मान वाळूत होती, खोटं कशाला बोलू? मग हळूहळू ध्यानात आलं, की आपल्याकडे कुणी बघतच नाहीये. एकमेकांकडेही बघत नाहीयेत. सगळ्यांच्या नजरा समुद्राकडे.

आपल्या एसटी स्टँडवर पदर नीट, ओढणी नीट, मान खाली घालून उभी असलेली पोर आठवा. तरी तिच्याकडे किती डोळे वळतात! म्हणजे नजरेचा संबंध कपड्याशी नाहीच मुळी. तो बघणाऱ्याच्या शिस्तीशी आहे. आणि त्या किनाऱ्यावर शिस्त आहे, ती पाळावी लागते. कुणाचा फोटो काढायचा नाही. टक लावून बघायचं नाही. कुणी अचकटविचकट वागलं तर पोलिसांत तक्रार होते. इंग्लंडच्या कायद्यात नुसतं विवस्त्र असणं हा गुन्हा नाही. दुसऱ्याला घाबरवण्यासाठी किंवा त्रास देण्यासाठी कुणी मुद्दाम अंग दाखवलं, तर तो 2003 च्या कायद्यानं गुन्हा ठरतो. फरक हेतूचा आहे. किनारा नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे आणि पाट्याही तिच्याच आहेत.

तिथे पाण्याच्या कडेला घडीच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. गळ्यात दुर्बीण. माझ्याही गळ्यात दुर्बीण बघून त्या हसल्या आणि समुद्रात एका बाजूला बोट दाखवून म्हणाल्या, तिथे बघा, सुरयची पिल्लं आईकडे मासा मागतायत. मी दुर्बीण लावली, बघितलं, आणि दुर्बीण खाली घेतली तेव्हा माझं लक्ष गेलं. त्यांची डावी बाजू सपाट होती. छातीवरून काखेपर्यंत गेलेला एक लांब पांढरा वण.

मला आमच्या गल्लीतल्या वहिनी आठवल्या. त्यांना गाठ लागली ती अंघोळ करताना. त्यांनी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, मला नाही. ‘‘दाखवायचं कसं गं? डॉक्टर पुरुष,’’ एवढंच त्या नंतर म्हणाल्या. ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. वहिनी वाचल्या. पण तेव्हापासून त्या घरातसुद्धा, भर मे महिन्यात, शाल पांघरून असतात. मोरीतला आरसा त्यांनी काढून टाकला.

त्या इंग्रज बाईंना मी काही विचारलं नाही. पण माझी नजर त्यांना कळली असावी. त्या लेकीला म्हणाल्या, ‘‘ऑपरेशननंतर मी सगळ्यात आधी इथे आले. इथे कुणाला माझी कीव येत नाही.’’ आणि पुन्हा दुर्बीण डोळ्याला लावून बसल्या.

मग त्यांनीच आम्हाला समुद्रातल्या गवताची गोष्ट सांगितली. स्टडलंडच्या खाडीत पाण्याखाली गवताची कुरणं आहेत आणि त्या गवतात समुद्रघोडे राहतात. बोटाएवढा जीव, घोड्यासारखं तोंड, शेपटी गवताच्या पात्याला गुंडाळलेली. गंमत अशी, की समुद्रघोड्यात मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते. ती तो वाढवतो, आणि दिवस भरले की कळा देऊन पिल्लं बाहेर टाकतो तो बापच! होड्यांचे नांगर तळाला घासले की ते गवत मुळासकट उपटतं. म्हणून 2019 साली ही खाडी संरक्षित झाली आणि 2021 च्या अखेरीपासून गवताच्या भागात नांगर टाकू नका, अशी नावाड्यांना विनंती केलेली आहे. समुद्रघोड्यांना त्रास देणं तर ब्रिटनमध्ये 2008 पासून गुन्हा आहे. आम्हाला काही ते दिसले नाहीत, ते पाण्याखाली. पण त्या शांत पाण्याखाली अनेक बाप पोटुशी असतील, या विचारानं मला परतीच्या वाटेतही हसू येत होतं.

परत येताना आम्ही टेकड्यांमागची वाट धरली. ऑगस्टात तिथे हेदर नावाचं खुरटं झुडूप फुललेलं असतं. सगळा माळ जांभळा. मधे लिटल सी नावाचं गोड्या पाण्याचं तळं, त्यावर चतुर भिरभिरत असतात. हे तळं पूर्वी समुद्राचाच भाग होतं. गेल्या चारेकशे वर्षांत वाऱ्यानं वाळू आणून आणून मधे टेकड्या उभ्या केल्या आणि ते आतल्या आत अडकलं. या माळाची ख्याती अशी, की ब्रिटनमध्ये मूळचे म्हणून जे सहा सरपटणारे प्राणी आहेत, ते सहाही इथे सापडतात. तीन साप, दोन सरडे आणि एक बिनपायांचा सरडा. सहांतला एकच विषारी, ॲडर नावाचा. आपल्या माळावर नाग, मण्यार, घोणस, फुरसं असे चार-चार! हे ऐकून लेकीची मैत्रीण गारच पडली होती. वाळूतल्या सरड्याची मादी उघड्या, उन्हात तापलेल्या वाळूत अंडी घालते आणि उन्हाळा सरता सरता पिल्लं बाहेर येतात. वाटेच्या कडेला तसलं एक पिल्लू आम्हाला दिसलं, काडीएवढं. उन्हात अंग पसरून निवांत पडलेलं. मी मनात म्हटलं, या माळावर सगळेच ऊन खायला आलेत.

दुसऱ्या दिवशी बंदरातल्या ब्राउन्सी बेटावर गेलो. आपल्या शाळेत स्काउट-गाइड असायचं ना, त्याचा पहिला तळ 1907 च्या ऑगस्टमध्ये बेडन पॉवेलनं वीसेक मुलं घेऊन याच बेटावर टाकला. आज ते बेट लाल खारींसाठी ओळखलं जातं. अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींनी इंग्लंडच्या बहुतेक भागातून लाल खार हुसकली, पण पाणी मधे असल्यानं बेटावर दोनशेच्या आसपास टिकून आहेत. आपल्या खारीच्या पाठीवर रामाची बोटं. त्यांच्या खारीच्या कानांवर केसांचे झुबके.

हे सगळं परदेशातलं झालं, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. तर एक गंमत ऐका. कपडे उतरवून निसर्गात राहणाऱ्यांचं जगातलं ज्ञात असलेलं पहिलं मंडळ कुठलं, तर आपल्या ठाण्याचं! 1891 साली ठाण्याचे इंग्रज जिल्हा व सत्र न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’ काढलं. सभासद इनमीन तीन. पुढे साहेबांची बदली रत्नागिरीला झाली आणि मंडळ बंद पडलं. त्यानंतर 1927 मध्ये र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. त्याच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र असे. शरीरात लाजण्यासारखं काही नाही, अज्ञानाची मात्र लाज वाटायला हवी, हा त्यांचा सूर. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. तरी कर्व्यांनी मासिक मरेपर्यंत, 1953 पर्यंत, चालवलं. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर साठ-सत्तरच्या दशकात हिप्पी विवस्त्र वावरत. पण आपल्या देशात सार्वजनिक जागी असं वावरणं कायद्याला मान्य नाही. तेव्हा इथे कुणी तो प्रयोग करू नये. मीही ते सांगायला हे लिहीत नाहीये. समुद्राचे जीव बघायचे असतील तर रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाठा. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास वाळूतून कासवाची पिल्लं निघतात आणि गावकरी त्यांना समुद्रात सोडतात. तिथे साडी नेसून उभं राहिलं तरी कासवांची हरकत नसते.

मग मी का लिहितेय? वहिनींसाठी.

मी लहान होते तेव्हा बायका मांजरेवर अंघोळीला, धुण्याला जात. बायकांची जागा वेगळी असे. तिथे परकराआड का होईना, पण आजी, आत्या, नव्यानं बाळंत झालेली मावशी, सगळ्यांची अंगं आम्ही पोरी बघत असू. पोट सुटतं, छाती ओघळते, रेघा उमटतात, हे कुणी शिकवावं लागलं नाही. बाळंतिणीला तेल लावणारी बाई अंगावरची गाठ, सूज आधी ओळखायची. आता घरोघरी न्हाणीघर झालं, दाराला कडी आली. हे चांगलंच झालं, उघड्यावरच्या अंघोळीचे हाल कुणाला हवेत? पण त्याबरोबर एक गेलं. आजच्या मुलीनं दुसऱ्या बाईचं खरंखुरं अंग पाहिलेलंच नसतं. ती बघते ते टीव्हीतलं. मग स्वतःचं अंग तिला चुकलेलं वाटतं. आणि जे चुकलंय असं वाटतं, ते माणूस झाकतं. डॉक्टरपासूनही झाकतं.

याची किंमत काय, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक असणार! धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. 1999 साली मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल यांनी परदेशी तज्ज्ञांबरोबर इथल्या जवळजवळ पाचशे गावांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. शेतात राबणाऱ्या, कधी डॉक्टरांपुढे न गेलेल्या, आपल्यासारख्याच. दहा वर्षांनी, 2009 मध्ये, निकाल जगापुढे आला. एचपीव्ही नावाची तपासणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. हे साऱ्या जगाला कळलं ते आपल्या जिल्ह्यातल्या बायकांमुळे. आणि आपण? आपण अजून ‘कसं दाखवायचं’ म्हणून बसतो. तिशीच्या पुढच्या बायकांची स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातून करण्याची योजना आहे. बाई डॉक्टर किंवा नर्स हवी, असं सांगायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पण त्या टेबलापर्यंत जायचं आपल्यालाच.

परत आल्यावर आमच्या भिशीत मी हे सगळं सांगितलं. आधी तर तोंडावर पदर घेऊन हसूच आवरेना कुणाला. एकजण म्हणाली, ‘‘बाई गं, थंडी नाही वाजली त्यांना?’’ समुद्रघोड्याच्या बाळंतपणावर तर अर्धा तास गेला. ‘‘आमच्या ह्यांना हे वाचायला द्या,’’ म्हणून तिघींनी बजावलं. वहिनी कोपऱ्यात शाल घेऊन बसल्या होत्या. त्या खुर्चीतल्या बाईंबद्दल सांगताना मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं नाही. तेवढं तर मी स्टडलंडला शिकूनच आले होते.

उठताना वहिनी म्हणाल्या, ‘‘तिची पण डावीच होती का?’’ मी हो म्हटलं. थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली. ती चौतिशीची आहे. ‘‘सोमवारी दवाखान्यात जाऊन ये. आणि लाजू नकोस, मी येते बरोबर,’’ असं म्हणून त्यांनी शालीची घडी केली आणि ती सुनेच्या हातात दिली.